अनेक देशांतली टीम सांभाळताना: वाईट बातमी वरपर्यंत पोचते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार देशांत विखुरलेली टीम नुकतीच तुमच्याकडे आली आहे. कॉलवर निम्मी माणसं तोंड उघडत नाहीत. ‘होऊन जाईल’ म्हटलेलं काम शेवटच्या दिवशी अडकलेलं निघतं. एका ऑफिसला दुसरं ऑफिस उद्धट वाटतं आणि त्या दुसऱ्याला पहिलं गुळमुळीत. हा संस्कृतीचा फरक आहे का, आणि असेल तर मॅनेजरने करायचं काय?

फरक आहेच. पण तुमच्या बहुतेक तक्रारी एका जागी येऊन मिळतात: या टीममध्ये वाईट बातमी आणणाऱ्याचं काय होतं? अशा टीम मी बरीच वर्षं चालवते आहे. देश बदलले, कामाचं स्वरूप बदललं, तरी पाहणीची सुरुवात मी इथूनच करते. कुठल्या देशाची माणसं कशी असतात याचे तक्ते पाठ करण्याआधी तुम्हीही तेच करा, असं माझं म्हणणं आहे.

तक्ते निरुपयोगी आहेत असं नाही. या विषयात पहिलं नाव निघतं ते गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाचं. आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांनी १९६७ ते १९७३ या काळात भरलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या त्यांनी तपासल्या आणि १९८० मध्ये निष्कर्ष मांडले. कंपनी एकच, कामंही साधारण सारखी. तरी साहेबाशी मतभेद दाखवायला माणसं कितपत कचरतात, नियम स्पष्ट नसले की किती अस्वस्थ होतात, हे देशागणिक बदलताना दिसलं. त्याआधी १९७६ मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी आणखी एक भेद दाखवला होता. काही समाजांत सगळा अर्थ शब्दांत मांडून दिला जातो. काहींत तो प्रसंगावरून, नात्यावरून आणि न बोललेल्या गोष्टींवरून ताडायचा असतो. या दोन गोष्टी डोक्यात असल्या, की समोरच्याचं वागणं लगेच ‘चुकीचं’ ठरवण्याची घाई होत नाही. हा फायदा मोठा आहे.

मात्र हॉफस्टेड यांचे आकडे देशाची सरासरी सांगतात. ते एकेका माणसाला लावू नका, असं त्यांनी स्वतःच बजावलं होतं. २०१६ मध्ये तारास, स्टील आणि कर्कमन या अभ्यासकांनी शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मूल्यांमधला सुमारे ८० टक्के फरक एकाच देशातल्या माणसामाणसांत निघाला. देशादेशांमधला उरला जेमतेम २० टक्के. त्यामुळे तुमच्या टीममधली टेस्टर गप्प का बसते, याचं उत्तर तिच्या पासपोर्टात सापडण्याची शक्यता कमीच. ती नवी असेल. कंत्राटी असेल. आधीच्या नोकरीत खरं बोलल्याची किंमत मोजलेली असेल. इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असेल. ‘त्यांची संस्कृतीच तशी’ म्हटलं की यातलं काहीच शोधावं लागत नाही. म्हणूनच हे वाक्य ऐकलं की मी सावध होते.

वैमानिकांच्या क्षेत्रात या प्रश्नाचा छडा फार महागात पडून लागला आहे, म्हणून तिथली दोन उदाहरणं देते. २२ डिसेंबर १९९९ला लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावरून कोरियन एअरचं मालवाहू बोइंग ७४७ विमान अंधारात उडालं. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलेलं होतं. सहवैमानिकासमोरचं नीट होतं. दोन्ही उपकरणं जुळत नाहीत हे सांगणारा इशारा वाजत होता. फ्लाइट इंजिनिअरने विमान कलतंय असं बोलूनही दाखवलं. सहवैमानिक, ज्याच्या समोर खरा आकडा होता, काही बोलला नाही आणि त्याने विमानाचा ताबाही घेतला नाही. मिनिटभराच्या आत विमान कोसळलं, चौघे गेले. कॅप्टन वयाने बराच मोठा आणि हवाई दलातून आलेला. हा प्रसंग कोरियातल्या वडीलधाऱ्यांच्या धाकाचं उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि त्यात तथ्यही आहे. ब्रिटिश तपास यंत्रणेच्या शिफारशींमध्ये, बाहेरून आणलेलं प्रशिक्षण कोरियन संस्कृतीला मानवेल असं बदलून घ्या, असा स्पष्ट उल्लेख आहे.

आता दुसरं उदाहरण. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट, धावपट्टीवर दाट धुकं. केएलएम या विमान कंपनीच्या ७४७ने परवानगी नसताना उड्डाण सुरू केलं आणि धावपट्टीवर असलेल्या पॅन अॅम या अमेरिकन कंपनीच्या विमानावर ते आदळलं. ५८३ माणसं मेली. उड्डाण सुरू झाल्यावर केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, ते दुसरं विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठामपणे ते झाल्याचं सांगितलं आणि विषय तिथेच मिटला. हा कॅप्टन कंपनीतला सर्वांत ज्येष्ठ प्रशिक्षकांपैकी एक. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची ७४७ची परीक्षा थोड्याच दिवसांपूर्वी त्यानेच घेतलेली. हे सगळे डच होते. म्हणजे हॉफस्टेड यांच्या मोजणीत वरिष्ठांचा धाक कमी मानणाऱ्या देशांपैकी एका देशातले, खुद्द हॉफस्टेड यांच्याच देशातले.

रोखठोक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशातही, समोर आपला परीक्षक बसला की माणूस एकदा विचारतो आणि गप्प होतो. देशाच्या सवयींमुळे हे कमीजास्त होतं, पण मुळाशी असते ती बोलण्याची जोखीम. ती जोखीम कमी करता येते. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने कॉकपिटमधल्या संवादाचं प्रशिक्षण सुरू केलं; पुढे ते जगभर पसरलं. त्यातला नियम असा: कनिष्ठाने काय दिसतंय, काळजी कशाची आहे आणि काय करावं हे क्रमाने सांगायचं, शेवटी कॅप्टनला ‘पटतंय का?’ असं विचारून उत्तर घ्यायचं. आणि कॅप्टनने उड्डाणाआधीच सांगायचं की माझं चुकतंय असं दिसलं तर बोला. कुणाचाही स्वभाव बदलायला कुणी गेलं नाही. बोलणं हा कामाचाच भाग ठरवला, त्यामुळे ते धाडस उरलं नाही.

कारखान्यातलं उदाहरण मला याहूनही जवळचं वाटतं, कारण त्यात माणसं तीच राहिली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातून विस्तव जात नव्हता. गैरहजेरी २० टक्क्यांपर्यंत जायची. लाइन कधीही थांबवायची नाही हा तिथला पहिला नियम. सदोष गाडी तशीच पुढे ढकलायची आणि शेवटी दुरुस्तीच्या आवारात लावायची. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तिथेच नम्मी नावाची कंपनी सुरू केली. त्याच युनियनचे, बहुतांशी तेच कामगार परत घेतले. त्यांच्या तुकड्या जपानमधल्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवल्या. परत आल्यावर प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी होती. काही बिघडलेलं दिसलं की ओढायची. टीम लीडर धावत येणार, काय झालं विचारणार, मदत करणार, आणि तेवढ्यात निस्तरलं नाही तर लाइन थांबणार. गैरहजेरी २ टक्क्यांच्या आसपास आली आणि गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या बरोबरीला पोचला.

‘जपानी पद्धत जपानी माणसांनाच जमते’ हे तोवर ठाम मत होतं. फ्रीमाँटच्या कामगारांनी ते खोटं पाडलं. पण त्यानंतरचा भाग तुमच्या कामाचा आहे. जनरल मोटर्सने हीच पद्धत कॅलिफोर्नियातल्याच आपल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात नेली. दोरी बसवली, पण ती ओढली की वरच्यांच्या कपाळाला आठ्या पडत, कारण त्यांचं मूल्यमापन किती गाड्या बाहेर पडल्या यावर व्हायचं. दोरी लटकत राहिली. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. दोन्ही ठिकाणी अमेरिकन कामगार, तीच कंपनी, तीच दोरी. फरक पडला तो दोरी ओढल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात काय घडतं यामुळे.

तुमच्या टीममधली दोरी म्हणजे बहुधा आठवड्याचं स्टेटस शीट. प्रत्येक कामासमोर त्याची स्थिती सांगणारा रंग: हिरवा, पिवळा, लाल. माझ्याकडच्या एका प्रोजेक्टमध्ये दोन देशांतले दोन लीड एकच शीट भरायचे. एकजण काम एक दिवस लांबलं तरी रकाना लाल करायचा. त्याच्या लेखी लाल म्हणजे ‘तारीख चुकली, नोंद घ्या’, एवढंच. दुसरी लीड शेवटच्या आठवड्यापर्यंत हिरवाच ठेवायची. तिच्या लेखी लाल म्हणजे ‘आमच्या हातून होत नाही, आम्ही हरलो’, आणि रात्री जागून भरून काढण्याची उमेद असेपर्यंत असं म्हणणं तिला टीमशी बेइमानी वाटायचं. मुख्य ऑफिसला पहिला रडका वाटायचा, दुसरी भरवशाची. प्रत्यक्षात पहिल्याची कामं जवळजवळ वेळेवर होत होती आणि दुसरीकडची डेटा मायग्रेशनची (माहिती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवण्याची) चाचणी सहा दिवस मागे पडली होती. ते शीटवर कुठेच नव्हतं. फक्त ‘रिमार्क्स’च्या रकान्यात ‘सर्व्हरचा वेग पाहत आहोत’ असं एक वाक्य होतं.

त्यावर कुणालाही संस्कृतीचं प्रशिक्षण दिलं नाही. रंग ठरवण्याचं काम माणसांकडून काढून घेतलं. ठरलेल्या तारखेपासून दोन दिवसांपर्यंत मागे म्हणजे पिवळा, त्यापुढे लाल. शीटमधलं सूत्रच रंग देणार. लाल झालेल्या प्रत्येक ओळीसमोर ‘कुणाची मदत हवी’ असा नवा रकाना आला आणि तो भरणं सक्तीचं. पहिल्या लाल ओळीवर कॉलमध्ये मी ‘का झालं’ विचारलं नाही. ‘यादीतलं कोणतं काम आपण मागे घेऊ?’ एवढंच विचारलं. तीनचार आठवड्यांत शीट खरं बोलू लागलं. त्या लीडचा स्वभाव आजही तसाच आहे, जबाबदारी अंगावर घेणारा, आणि तो बदलावा असं मला कधी वाटलं नाही.

कॉलवरच्या शांततेचंही असंच. ‘काही अडचण?’ असं विचारलं की जगाच्या पाठीवर कुठेही उत्तर येतं: नाही. या प्रश्नात अडचण सांगणाऱ्याला एकट्याने पुढे यावं लागतं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडलेली एक साधी पद्धत मी नेमाने वापरते. काम सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगायचं: समजा सहा महिने झाले आणि हा प्रोजेक्ट पार फसला, तो का फसला ते पाच मिनिटं शांतपणे लिहा. फसलाय हे गृहीतच धरल्यामुळे कारण सांगणारा कुणाच्या विरोधात जात नाही, वरिष्ठाची योजना चुकली असंही म्हणत नाही. दिलेलं काम करतो. एरवी भिडस्त असलेली माणसं यात इतकं नेमकं लिहितात की योजना पुन्हा उघडावी लागते. लिहिलेलं वाचून दाखवताना सुरुवात सर्वांत नव्या माणसापासून करा आणि तुमचं मत शेवटी सांगा. मॅनेजर आधी बोलला की काही देशांत चर्चा संपते आणि काही देशांत वाद सुरू होतो. दोन्हीकडे नव्या माणसाचं राहून जातं.

निर्णय नेमका कुठे होतो, हा खरोखरचा मोठा फरक आहे आणि त्याबद्दल वाचून ठेवण्यासारखं बरंच आहे. जपानी कंपन्यांत मीटिंगच्या आधी एकेकाला भेटून मत आजमावण्याची रीत आहे. तिला नेमावाशी म्हणतात. मग प्रस्ताव कागदावर फिरतो, संबंधित लोक त्यावर शिक्के उठवतात, आणि मीटिंगमध्ये जे होतं ते जवळजवळ शिक्कामोर्तब. अशा माणसांपुढे भर मीटिंगमध्ये नवी कल्पना टाकून ‘बोला, काय वाटतं?’ म्हटलं तर ती गप्प बसणारच. त्यांच्या दृष्टीने ही वेळ विचार करण्याची नाही. उलट अमेरिकन टीमला मीटिंगमध्येच वाद घालून, तिथेच ठरवून उठायची सवय असते, आणि पुढच्या आठवड्यात माहिती बदलली तर निर्णयही बदलायला हरकत नसते. एकीकडे निर्णय उशिरा होतो पण अंमल झपाट्याने होतो. दुसरीकडे निर्णय चटकन आणि अंमल करताना फेरफार. दोन्ही टीम एकमेकींना संथ म्हणतात, आणि दोघींचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं. यातून वाट काढण्यासाठी मी प्रत्येक मोठ्या निर्णयाला तीन नोंदी जोडते: निर्णय घेणारी व्यक्ती कोण, कोणत्या तारखेपर्यंत मत मांडता येईल, आणि त्यानंतर तो बदलायचा असेल तर काय घडावं लागेल. कागद दोन दिवस आधी पाठवते. ज्यांना एकेकट्याने बोलायचं असतं ते त्या दोन दिवसांत बोलतात.

उद्धट आणि गुळमुळीत या तक्रारीवर फार वेळ घालवू नका. कामातल्या चुका तोंडी सांगताना त्या एकेकट्याला सांगायच्या, लेखी सांगताना कामाच्या नावाने लिहायच्या आणि सोबत काय बदलायचं ते लिहायचं, एवढा नियम सगळ्यांना लावला की पुष्कळसा ताप उतरतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: चूक सांगण्याआधी कौतुकाचा मोठा थर देणाऱ्या माणसाचा निरोप, सरळ बोलण्याची सवय असलेल्याला अनेकदा कळतच नाही. तो कौतुक घेऊन जातो आणि चूक तशीच राहते. बोलणं संपल्यावर ‘आता तुम्ही काय बदलणार?’ असं विचारलं की नक्की काय पोचलं ते समजतं.

यापुढच्या ज्या गोष्टी आहेत त्यांना संस्कृती म्हटलं जातं, पण त्या भाषेच्या, घड्याळाच्या आणि कायद्याच्या आहेत. भाषेपासून सुरू करते, कारण तिचा अन्याय सर्वांत कमी दिसतो. जपानच्या राकुतेन कंपनीने २०१० मध्ये इंग्रजी ही कंपनीची भाषा ठरवली आणि कर्मचाऱ्यांना सुमारे दोन वर्षांची मुदत दिली. तो निर्णय गाजला. पण बहुतेक जागतिक टीममध्ये हीच सक्ती कुणी जाहीर न करताही असते. परिणाम असा की जो इंग्रजी सराईत बोलतो तो हुशार ठरतो, आणि जो दुसऱ्या भाषेत विचार करून बोलतो त्याची बढती मागे पडते. इथे मॅनेजरने सरळ हस्तक्षेप करावा. दीड तासाच्या चर्चेत मधे दहा मिनिटं सोडा, ज्यात प्रत्येक गटाने आपापल्या भाषेत आपसात बोलून घ्यावं आणि मग एकाने गटाचं म्हणणं इंग्रजीत मांडावं. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं. तरी त्या दहा मिनिटांनंतर येणारे प्रश्न त्याआधीच्या तासापेक्षा धारदार असतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना खेळांतून आलेले वाक्प्रचार टाळायला सांगा आणि दोन वाक्यांच्या मधे श्वास घ्यायला सांगा. बहुतेकजण आनंदाने ऐकतात. त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

घड्याळाचं. गैरसोयीची वेळ कुणाच्या वाट्याला येते ते पाहा. नेहमी त्याच ऑफिसला रात्री दहाचा कॉल असेल तर त्यांच्या उत्साहावर बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. वेळ फिरती ठेवा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोनतीन आठवड्यांत सगळे कॉल तासाने सरकतात आणि कुणीतरी दरवर्षी ‘बेशिस्त’ ठरतो. सौदी अरेबियात २०१३ पासून सुट्टी शुक्रवार-शनिवार आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारी कचेऱ्या २०२२ पासून शनिवार-रविवारकडे वळल्या. तारीख लिहिताना महिन्याचं नाव अक्षरांत लिहायचं, ही सक्ती पहिल्याच दिवशी करा. ०३/०४ म्हणजे कुणाला ३ एप्रिल, कुणाला ४ मार्च.

साधनांचाही हिशेब यातच धरा. एअरबसच्या ए३८० विमानाला सुमारे दोन वर्षांचा उशीर झाला, तेव्हा जर्मन आणि फ्रेंच यांच्यातल्या चुरशीची चर्चा खूप झाली. चुरस होतीही. पण हॅम्बुर्गहून आलेल्या वायरी तूलूझमध्ये विमानात बसेनात, याचं एक थेट कारण असं होतं की दोन ठिकाणी एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या वापरात होत्या. दोन ऑफिसांत भांडण दिसलं की मी आधी दोघांच्या स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून पाहते.

कायद्याबाबत मनाच्या मोठेपणाने काम भागत नाही. जर्मनीत पाच किंवा अधिक कायम कर्मचारी असलेल्या ठिकाणी त्यांना आपली कामगार परिषद निवडता येते, आणि कामाच्या वेळा, वर्तनाचे नियम, लक्ष ठेवणारी सॉफ्टवेअर अशा गोष्टींत तिची संमती लागते. वॉलमार्टने आपली अमेरिकन आचारसंहिता तिथे तशीच लागू करायला घेतली. २००५ मध्ये न्यायालयाने तिच्यातले काही भाग, कर्मचाऱ्यांच्या आपसातल्या प्रेमसंबंधांवरच्या बंदीसकट, अमान्य केले. पुढच्याच वर्षी कंपनीने जर्मनी सोडली. कारणं अनेक होती, पण आपल्या घरचे नियम जगाचे नियम आहेत हा समज त्यांतला एक. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर मेल-फोनपासून मोकळं राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. तुमचा तिथला सहकारी रात्री मेलला उत्तर देत नसेल तर तो आळशी आहे का, असा प्रश्नच उरत नाही.

आता जे बोलायला अवघड ते. पुष्कळदा ‘संस्कृतीचा संघर्ष’ हा शब्द सत्तेच्या प्रश्नावर पांघरूण म्हणून वापरला जातो. जर्मनीची डाइमलर-बेंझ आणि अमेरिकेची क्रायस्लर या मोटार कंपन्यांचं विलीनीकरण मे १९९८ मध्ये जाहीर झालं, तेव्हा ते बरोबरीच्या दोन कंपन्यांचं असल्याचं सांगितलं गेलं. २००० मध्ये कंपनीप्रमुख युर्गेन श्रेम्प यांनी फायनान्शियल टाइम्सला दिलेल्या मुलाखतीतून उघड झालं की क्रायस्लर ही एक शाखा व्हावी असाच त्यांचा मूळ बेत होता. भागधारकांनी खटले भरले. त्यांतला एक २००३ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन मिटवावा लागला. २००७ मध्ये क्रायस्लरचा ८० टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा विकून टाकला. हे प्रकरण जर्मन शिस्त आणि अमेरिकन मोकळेपणा यांच्या टकरीचं म्हणून शिकवलं जातं. मला ते शब्द न पाळण्याचं वाटतं. ज्यांना बरोबरीचे म्हणून बोलावलं आणि हाताखालचे म्हणून वागवलं, त्यांनी सहकार्य केलं नाही तर त्यासाठी त्यांचा देश तपासण्याची गरज नाही.

तुमच्या टीमकडेही या नजरेने पाहा. मुख्य ऑफिसातले लोक डिझाइन करतात आणि दुसरीकडचे फक्त दिलेलं तिकीट, म्हणजे नेमून दिलेलं छोटं काम, बंद करतात, असं आहे का? बढत्या कुठे होतात? कंत्राटी माणसं कुठल्या देशात जास्त आहेत? ‘ते स्वतःहून पुढाकार घेत नाहीत’ ही तक्रार ज्या ऑफिसबद्दल आहे, त्या ऑफिसला गेल्या वर्षभरात स्वतः ठरवण्याजोगं काय दिलं होतं? याची उत्तरं बदलल्याशिवाय विविधतेवरच्या कार्यशाळेला काही अर्थ नाही, हे मी अगदी ठामपणे सांगते.

आणि काही गोष्टींत ‘आमच्याकडे असंच चालतं’ हे ऐकून घेऊ नका, मग तो देश कुठलाही असो: चारचौघांत अपमान करणं, बाईचं म्हणणं तोडून तेच पुरुषाच्या तोंडून मान्य करणं, सुरक्षेची त्रुटी लपवणं, हाताखालच्याला आपल्या चुकीवर सही करायला लावणं. त्याच देशात या गोष्टींचा त्रास सोसणारी, त्याविरुद्ध उभी राहणारी माणसं असतात. तुम्ही संस्कृतीचा मान म्हणून गप्प बसलात तर त्यांची बाजू सोडता.

पहिल्या महिन्यात काय करावं, असंही तुम्ही विचारलं आहे. प्रत्येकाशी वेगळं अर्धा तास बोला आणि सगळ्यांना एकच विचारा: मागच्या वेळी तुम्हाला एखादी गोष्ट बिघडताना दिसली, तेव्हा ती कुणाला सांगितली आणि पुढे काय झालं? मत विचारू नका, घटना विचारा. घटना सांगायला लाजाळू माणसालाही जमतं. उत्तरांतून तुमच्या टीममधली बातमी कुठे अडते ती जागा दिसेल. ती बहुतेक वेळा एखाद्या मधल्या लीडपाशी असते, आणि त्याच्यावरही वरून कुणाचा तरी दाब असतो. तो दाब तुमच्या अखत्यारीतला असेल तर तो काढा. त्याआधी रंगांची व्याख्या आणि तारखेचा नमुना बदलून घ्या, कारण त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

दोन ऑफिसांचं एकमेकांबद्दलचं मत सुधारायला माणसांची अदलाबदल करा. फ्रीमाँटच्या कामगारांना ताकाओकाला नेलं तेव्हा त्यांना व्याख्यानं ऐकवण्यावर भर नव्हता. ते तिथल्या लाइनवर उभे राहिले. मॅनेजरना पाठवू नका, ते मीटिंगा करून परततात. जी दोन माणसं एकमेकांना रोज काम सोपवतात त्यांना पाठवा, दोन आठवडे, त्याच टेबलावर. प्रवासाला पैसे नसतील तर एक आठवडा दोघांना एकाच शिफ्टमध्ये, स्क्रीन शेअर करून, एकच काम करायला बसवा. परतल्यावर त्यांच्याकडे अनुभवाचा अहवाल मागू नका. हँडओव्हरच्या, म्हणजे एकाने दुसऱ्याला काम सोपवण्याच्या, नमुन्यातले कोणते रकाने काढायचे आणि कोणते घालायचे ते विचारा, आणि सोमवारपासून तोच नमुना लागू करा.